भिंतीवरचा वाघ आणि रुळावरचे बछडे

बल्लारशाहला गाडी बदलायची असेल तर हाताशी तास-दीड तास असतोच. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं हे मोठं जंक्शन. मी फोनचं चार्जिंग वाचवत बसले होते आणि समोरच्या भिंतीवर वाघ होता. आजूबाजूला बांबू, पाणवठा, हरणं. एक कुटुंब त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होतं. धाकटी पोर वाघाच्या मिशीवर बोट ठेवून बघत होती.

ही भिंत साधी नाही, बक्षीस मिळवलेली आहे. 2018 मध्ये रेल्वे मंत्रालयाने स्टेशन सुशोभीकरणाची देशपातळीवर स्पर्धा घेतली. त्यात मध्य रेल्वेच्या बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्टेशनांना मिळून पहिला क्रमांक आणि 10 लाख रुपये मिळाले. मधुबनी चित्रांसाठी जगभर माहीत असलेलं मधुबनी स्टेशन दुसऱ्या क्रमांकावर राहिलं. आपल्याकडच्या स्थानिक चित्रकारांनी ताडोब्याचं जंगल भिंतींवर उतरवलं आणि देशाने त्याला दाद दिली. चंद्रपूरकरांना अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा होता.

तशी या मुलखाला दगडावर, भिंतीवर जनावर कोरण्याची सवय जुनी आहे. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर आजही गोंड राजांचं चिन्ह दिसतं: हत्तीला नमवणारा सिंह. जटपुरा वेशीखालून रोज हजारो दुचाक्या जातात, त्यांच्या डोक्यावर तो असतो. तो सत्तेचा सिंह. जंगलात राहणाऱ्या माणसांचा वाघ मात्र वेगळा होता. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं असं सांगतात, तो तारू गावचा प्रमुख होता. वाघाशी झुंजताना तो मेला आणि लोकांनी त्याला देव केलं. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरत आली आहे.

या कथेत वाघ गोंडस नाही, तो माणूस मारतो. तरीही लोकांनी वाघाचा निर्वंश मागितला नाही. मेलेल्याचं ठाणं मांडलं, वर्षातून एकदा तिथे जायचं ठरवलं. म्हणजे त्या ठाण्यासोबत माणसांकडे एक कामही आलं: आठवण ठेवणं, जंगलात जपून वागणं.

पुढे वाघ सरकारी कागदांत आला. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य, 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. 2006 च्या गणनेत महाराष्ट्रात 103 वाघ असल्याचा अंदाज होता. 2022 मध्ये तो 444 वर गेला. त्यातला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा. वाघ वाढले, पण जंगल त्या प्रमाणात वाढलं नाही. वयात आलेला वाघ स्वतःचा इलाखा शोधत निघतो तेव्हा त्याला रस्ते, कालवे, कोळशाच्या खाणी आणि रूळ ओलांडावे लागतात. तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचायला गेलेली माणसं त्याच्यासमोर येतात आणि जिवाला मुकतात.

आता पुन्हा 2018. बक्षीस मिळून काही महिने झाले होते. 15 नोव्हेंबरला चिचपल्लीजवळच्या जंगलात, गोंदिया-बल्लारशाह मार्गावर, रेल्वेच्या धडकेने वाघाचे तीन बछडे मेले. साधारण सहा महिन्यांचे. ज्या स्टेशनच्या भिंतीवर वाघ रंगवलाय, तिथेच संपणाऱ्या मार्गावर.

हे कळल्यावर मी भिंतीवरच्या चित्राकडे पुन्हा पाहिलं. बांबू आहे, पाणी आहे, हरणं आहेत. रूळ शोधला, मला दिसला नाही.

यात चित्रकारांचा दोष नाही. त्यांनी दिलेलं काम उत्तम केलं. पण चित्र काढून घेणाऱ्या व्यवस्थेने स्वतःला त्या चित्रात धरलंच नाही. भिंत मध्य रेल्वेची, चिचपल्लीचा रूळ दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, जंगल वनखात्याचं. वाघाला या हद्दी कुठून कळणार?

उपाय अज्ञात आहेत असंही नाही. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. कोर्टकचेऱ्या झाल्यावर तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी नऊ पूल-मोऱ्या बांधल्या गेल्या. सगळ्यात लांब 750 मीटरची. वर ट्रक धावतात आणि खालून वाघ जातात. कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो आहेत. फार देखणे नाहीत ते. काळे-पांढरे, धूसर, कधी नुसतं शेपूट. पण मला ते भिंतीवरच्या वाघापेक्षा जास्त आवडतात.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. 240 किलोमीटर, 4,819 कोटी रुपये. विदर्भाला ती रेल्वे हवी आहे, मलाही हवी आहे. पण दुसरा रूळ म्हणजे जास्त गाड्या, जास्त वेग, आणि ओलांडायला दुप्पट रुंद पट्टी. भुयारी वाट बांधायची तर रूळ टाकतानाच बांधायची. एकदा भराव घातला की मग पुढची वीस वर्षं निवेदनं देत बसायचं.

माझी गाडी आली. ती पोर अजून मिशीपाशीच होती; आईने तिला ओढून डब्यात चढवलं. तिला वाघ आवडला, एवढं काम भिंतीने केलं. आता पुढचं काम अभियंत्यांच्या नकाशावर व्हायला हवं, आणि ते झालं की नाही हे विचारायला आपण हवेत.