‘ला बाम्बा’ कोणाचे?

‘ला बाम्बा’ची चाल जगभर वाजते. बहुतेकांना ते नाचण्याचे एक मजेशीर मेक्सिकन गाणे वाटते. आम्ही विचारतो : हे गाणे घडवले कोणी आणि त्यांचे नाव पुसले कोणी?

हे गाणे मेक्सिकोच्या वेराक्रूझ किनाऱ्यावरचे. स्पॅनिश राजवटीत याच बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे गुलाम म्हणून उतरवली जात. त्या गुलामांचा ताल, स्पॅनिश तंतुवाद्ये आणि मूळनिवासींचे जगणे यांतून ‘सोन हारोचो’ हा संगीतप्रकार घडला. ‘ला बाम्बा’ त्यातलेच. ‘हारोचो’ हा शब्द काळे आणि मूळनिवासी यांच्या मिश्र संततीला हिणवण्यासाठी वापरला जाई. आज वेराक्रूझचा माणूस तोच शब्द अभिमानाने मिरवतो.

तिथे रक्तावरून माणसांची जी वर्गवारी होती, तिला ‘कास्टा’ म्हणत. पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या जातींना हाच शब्द लावला; इंग्रजी ‘कास्ट’ त्यातूनच आला. दोन्ही व्यवस्था एकच होत्या असे आमचे म्हणणे नाही. पण ही गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही, ती यामुळेच.

1766 साली धर्मन्यायालयाने वेराक्रूझमधल्या ‘चुचुम्बे’ या गाण्या-नाचावर बंदी घातली. गुन्हा काय? पाद्र्यांची खिल्ली आणि खालच्या थरातल्या लोकांचे अंगाला अंग लावून नाचणे! गंमत अशी, की त्या गाण्याचे शब्द टिकले ते बंदी घालणाऱ्यांच्याच दप्तरात.

विसाव्या शतकात सत्तेने डाव बदलला. 1946च्या निवडणुकीत वेराक्रूझचे मिगेल आलेमान यांनी ‘ला बाम्बा’ प्रचारात वाजवले आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. गाणे ‘राष्ट्रीय’ झाले, पांढऱ्याशुभ्र पोशाखात रंगमंचावर गेले. आणि ज्यांचा ताल त्यात होता ती काळी माणसे? त्यांना मेक्सिकोच्या संविधानात मान्यता मिळाली थेट 2019 साली! 2020च्या जनगणनेत 25 लाखांहून अधिक लोकांनी आपली ओळख आफ्रो-मेक्सिकन अशी नोंदवली. गाणे चालते, माणूस चालत नाही, ही रीत आम्ही चांगली ओळखतो.

सीमेपलीकडे याच गाण्याला वेगळा अर्थ आला. 1958 साली कॅलिफोर्नियातल्या 17 वर्षांच्या रिची व्हॅलेन्सने ते रॉक अँड रोलमध्ये गायले. त्याचे खरे आडनाव व्हॅलेन्झुएला. बाजारासाठी ते छाटले गेले, पण गाणे स्पॅनिशमध्येच राहिले. 1987 साली ‘लोस लोबोस’ने गायलेले ‘ला बाम्बा’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

1977 साली स्थापन झालेल्या ‘मोनो ब्लांको’ या गटाने इकडे वेराक्रूझमध्ये गावोगावचा ‘फांदांगो’ पुन्हा उभा केला. फांदांगोत लाकडी फळीवर टाचांनी ताल धरतात, कडवी भर घालत गातात आणि गाणारा-ऐकणारा असा भेद राहत नाही. 2008पासून तिहुआना आणि सॅन दिएगो यांच्यामधल्या सरहद्दीच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना लोक जमून असा फांदांगो करू लागले.

मित्रहो, गाण्याचा अर्थ शब्दकोशात नसतो. ते कोणाच्या हातात आहे, यावर तो ठरतो. म्हणून गाणे जपताना ते घडवणाऱ्यांचा इतिहासही आपणच लिहिला पाहिजे. नाहीतर तो दुसऱ्याच्या दप्तरात शोधावा लागतो.

जय भीम!