रुग्णालयीन संसर्ग नियंत्रण

उपचारासाठी दाखल झालेल्या रुग्णाला रुग्णालयातच नवा संसर्ग होऊ नये म्हणून उभारलेली कायमस्वरूपी यंत्रणा. तिची मुळे व्हिएन्नात सापडतात. तेथे शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. तेथीलच डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. बाळंतज्वराचे मृत्यू १८ टक्क्यांवरून दोनेक महिन्यांत सुमारे २ टक्क्यांवर आले. एवढा धडधडीत पुरावा असूनही अनेक समकालीनांनी तो नाकारला, ही वैद्यकाच्या इतिहासातील मोठी खंत. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अमेरिकी अभ्यासातून दिसले की, संसर्गांची नियमित नोंद, प्रशिक्षित डॉक्टर आणि दर २५० खाटांमागे एक संसर्ग-नियंत्रण परिचारिका असल्यास सुमारे एकतृतीयांश संसर्ग टळतात.