स्लिम, मेम्फिस
(३ सप्टेंबर १९१५–२४ फेब्रुवारी १९८८). अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूज गायक, पियानोवादक व गीतकार. मूळ नाव जॉन लेन चॅटमन. जन्म टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे. १९३९ मध्ये तो शिकागोस आला आणि बिग बिल ब्रूंझी या ज्येष्ठ गायकाच्या सहवासात परिपक्व झालेल्या आपल्या कलेच्या बळावर त्याने पुढे ‘हाउस रॉकर्स’ हा सॅक्सोफोनप्रधान वाद्यवृंद उभारला. डाव्या हाताने मंद्र स्वरांचा अखंड, गतिमान ठेका राखीत उजव्या हाताने तार सप्तकात स्वरकंपने उमटवावीत आणि त्यांवर आपला भारदस्त, घुमारदार कंठ मोकळा सोडावा, ही त्याची खासियत होय. त्याने जुन्या गीतावरून नव्याने बांधलेले ‘नोबडी लव्हज मी’ हे गीत ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ या नावाने अनेक गायकांनी गाऊन सर्वतोमुखी केले. १९६२ मध्ये त्याने पॅरिस येथे कायमचे वास्तव्य केले. फ्रेंच सरकारने कला व साहित्य यांसाठीचा ‘कमांडर’ हा किताब त्यास बहाल केला. पॅरिस येथेच त्याचे निधन झाले. यूरोपीय श्रोत्यांत ब्लूजची अभिरुची रुजविण्याचे त्याचे कार्य चिरस्थायी महत्त्वाचे आहे.