ख्रिस्तपुराणाची पुनर्मुद्रणे

जुना भक्तिग्रंथ नव्या वाचकांसाठी सिद्ध करताना त्याला कितपत हात लावावा, हा प्रश्न मराठीला नवा नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी पाठभेदांची छाननी करून ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. त्याच्या पाच वर्षे आधी, १५७९ च्या ऑक्टोबरात, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तरुण गोव्यात उतरला होता. पुढे त्याने ओवीछंदात रचलेला प्रचंड ग्रंथ आज आपण ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने ओळखतो. हा ग्रंथ १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर मात्र अडीचशे वर्षे त्याला छापखान्याचे दर्शन घडले नाही.

हा ग्रंथ का लिहिला गेला, याची हकिकत ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की पूर्वीची पुराणे आता आम्हांस वर्ज्य झाली आहेत. तर त्यांच्या ठिकाणी आमच्या भाषेत दुसरे एखादे पुराण का असू नये? हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पाठीशी मोठी हानी उभी आहे. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. जुने ग्रंथ घराबाहेर गेले होते, परंतु पुराणश्रवणाची शतकांची सवय कोणत्याही हुकुमाने जाणार नव्हती. ज्या वाचकासाठी हा ग्रंथ निर्माण झाला, तो आपले ग्रंथ गमावून बसलेला वाचक होता. ही गोष्ट या पुराणाची नवी आवृत्ती काढणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या रचनेचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा छत्तीस अवस्वरांत सांगितली आहे, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र एकोणसाठ अवस्वरांत. आपल्या भाषेविषयी स्टीफन्सने प्रस्तावनेत स्वतःच खुलासा केला आहे. ग्रंथ मराठीत रचला असला, तरी शुद्ध मराठी इथल्या पुष्कळांना उमगणार नाही, म्हणून तिच्यात गोव्याच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, असा त्याचा आशय आहे. कोकणी बोलीची त्याची जाण किती सूक्ष्म होती, हे त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरलाच छापल्या गेलेल्या व्याकरणावरून कळते. ख्रिस्तपुराणातील मिश्र भाषा ही कवीची असमर्थता नव्हे. ती वाचकाकडे पाहून केलेली निवड आहे.

निवडीला वाव नव्हता तो लिपीच्या बाबतीत. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आले, परंतु देवनागरी खिळे तेथे तयार झाले नव्हते. देशी अक्षरांत छपाई व्हावी, अशी इच्छा स्टीफन्सने १६०८ च्या एका पत्रात व्यक्त केली होती. ती सफळ झाली नाही. मराठी ओव्या रोमन अक्षरांत, पोर्तुगीज उच्चारपद्धतीने छापल्या गेल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, आणि अशा ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाची वाट बंद झाली. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. ग्रंथ टिकला तो नकलून घेतलेल्या पोथ्यांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनी या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. छापलेला ग्रंथ हस्तलिखितांच्या आश्रयाने जगला, ही मुद्रणाच्या इतिहासातील एक उफराटी घटना म्हणावी लागेल.

अशा पोथ्या ताडून पाहून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला चौथी आवृत्ती काढली. तिला त्यांनी स्टीफन्सचे चरित्र, प्रस्तावना, कथेचा इंग्रजी सारांश व शब्दकोश जोडला. लिपी मात्र रोमनच ठेवली, कारण त्यांच्या समोरच्या पोथ्या रोमन लिपीत होत्या. या आवृत्तीने ग्रंथ वाचवला, हे ऋण निःसंशय मोठे आहे. तरीही महाराष्ट्रातील वाचकाला आपल्याच भाषेतील ओव्या अनोळखी वेषात भेटल्या.

तो वेष उतरवण्याचे काम १९५६ मध्ये पुण्याला शांताराम बंडेलू यांनी केले. त्यांच्या देवनागरी आवृत्तीमुळे ख्रिस्तपुराण मराठी काव्याच्या वाचकापर्यंत पोहोचले. लिप्यंतर हे यांत्रिक काम आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तेथे प्रत्येक ओळीत निर्णय घ्यावा लागतो. जुन्या रोमन लेखनात ‘ण’साठी ‘न’चे अक्षर दुहेरी लिहिले जाई, त्यामुळे तो ओळखता येतो, परंतु ‘अ’ आणि ‘आ’ यांना एकच चिन्ह असे. ‘श’ व ‘ष’ यांचेही तेच. ‘उ’ आणि ‘व’ एकाच अक्षराने दाखवले जात. तेव्हा समोरचा शब्द ‘मन’ आहे की ‘मान’, हे संपादकाने ठरवायचे. ओवी हा मात्रांनी बांधलेला छंद नसल्यामुळे छंदाची कसोटीही येथे फारशी उपयोगी पडत नाही. यमक, संदर्भ आणि जुन्या मराठीचा सराव एवढेच हाताशी उरते. संपादकाने निर्णय घेतला, की शंका पानावरून नाहीशी होते. वाचकापुढे एक निश्चित शब्द येतो, आणि तो स्टीफन्सचाच आहे, असे तो मानून चालतो.

याहून अवघड पेच लंडनमधील पोथ्यांनी निर्माण केला. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून तेथील प्राच्यविद्या संस्थेकडे आलेल्या पोथ्यांत ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ या नावांची देवनागरी हस्तलिखिते होती. ती ख्रिस्तपुराणाचीच आहेत, हे १९२३ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी दाखवून दिले. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून अ‍ॅबट आपल्या परिचयाचे आहेत. या पोथ्यांत पोर्तुगीज धर्मसंज्ञांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द आढळतात. अ‍ॅबट यांनी हाच मूळ पाठ मानला. कोणा जाणकाराने मागाहून केलेले हे संस्करण असावे, असेही म्हणता येते. वाद कसाही सुटो, नव्या संपादकाला पडणारा मोह येथे स्पष्ट होतो. संस्कृत संज्ञा आजच्या मराठी कानाला गोड लागतात. पोर्तुगीज शब्द खडबडीत वाटतात. मग खडबडीत शब्द काढून गोड शब्द का बसवू नयेत?

उत्तर ग्रंथाच्या जन्मकथेतच आहे. ओवीच्या ओघात मध्येच येणारा पोर्तुगीज शब्द त्या काळच्या सत्तेची खूण आहे. देशी शब्दाला जुन्या धर्माचा वास येईल, ही मिशनऱ्यांची भीती त्यात दडलेली आहे. त्याच ओवीत वैकुंठासारखा शब्द सहज येतो, तेव्हा त्या भीतीवर भाषेने केलेली मातही दिसते. दोन्ही शब्द शेजारी शेजारी राहिले, तरच सासष्टीतील त्या पिढीची अवस्था वाचकाला कळेल. एक काढून टाकला, तर ग्रंथ सुबोध होईल, पण साक्ष पुसली जाईल. स्टीफन्सने सोपे शब्द मिसळले, म्हणून आपणही मिसळावे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. तो आपला ग्रंथ लिहीत होता. आपण दुसऱ्याचा ग्रंथ छापत असतो.

म्हणजे आजच्या वाचकाने चाचपडत राहावे, असे नव्हे. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती मुंबईहून प्रसिद्ध झाली. नेल्सन फाल्काव यांनी २००९ मध्ये बंगळूरहून अर्वाचीन मराठी रूपांतरासह आवृत्ती काढली आणि २०१२ मध्ये इंग्रजी अनुवादही दिला. सोपे करण्याचे काम मूळ ओवीच्या पोटात शिरून न करता तिच्या शेजारी बसून करता येते. मूळ पाठ जसाच्या तसा, बाजूला आजच्या मराठीतील अर्थ, तळाशी पाठभेद, आणि जेथे संपादकाने अक्षर ठरवले तेथे त्याची नोंद, एवढी शिस्त पाळली, तर श्रद्धेने वाचणारा आणि अभ्यासासाठी वाचणारा, दोघांचेही समाधान होऊ शकते.

ख्रिस्तपुराण हा मुळात ऐकण्याचा ग्रंथ आहे. वसईच्या किंवा सासष्टीच्या एखाद्या घरात उपवासकाळात कोणी तो मोठ्याने वाचू लागला, तर पहिल्या काही ओव्यांपर्यंत शब्द अडतील. मग चाल सापडेल, आणि अडलेला शब्द बाजूच्या रकान्यात पाहून वाचणारा पुन्हा ओवीकडे परतेल. तो परतेल तेव्हा तेथे जुनीच ओवी असली पाहिजे.