‘गॅरामाँड’ मुद्राक्षरे : नाव एकाचे, काम दुसऱ्याचे

युरोपीय ग्रंथमुद्रणात ‘गॅरामाँड’ या अक्षरवळणास मानाचे स्थान आहे. क्लोद गॅरामाँड हे सोळाव्या शतकातील पॅरिसचे ठसे कोरणारे कारागीर. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात धातूचा रस ओतून खिळे पाडायचे, अशी त्या काळची पद्धत होती. 1561 मध्ये गॅरामाँड यांचे निधन झाले व त्यांचे ठसे आणि साचे विकले गेले. त्यांपैकी काही अँटवर्पचे मुद्रक प्लांटिन यांनी घेतले. ते तेथील प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात जतन केलेले आहेत.

फ्रान्सच्या राजकीय मुद्रणालयाची स्थापना 1640 मध्ये झाली. या मुद्रणालयाच्या संग्रहात साच्यांचा एक जुना संच होता. एकोणिसाव्या शतकात तो गॅरामाँड यांचाच असल्याचे मानले गेले. या समजुतीवर विसंबून अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीने आणि 1922 मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ‘गॅरामाँड’ नावाची मुद्राक्षरे तयार केली. संस्थेचा अधिकार मोठा असल्याने मूळ पुरावा तपासण्याची गरज फारशी कोणास भासली नाही.

अमेरिकन कंपनीचे ग्रंथपाल हेन्री बुलेन यांना मात्र शंका होती. हा टाइप सोळाव्या शतकातील एकाही ग्रंथात आपल्याला आढळला नाही, असे ते म्हणत. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या बिअट्रिस वॉर्ड यांनी हा धागा पुढे नेला. पॅरिसच्या मझारिन ग्रंथालयातील 1621 च्या एका नमुनापुस्तिकेत त्यांना नेमकी तीच अक्षरे सापडली. ही पुस्तिका सेदाँ येथील प्रोटेस्टंट मुद्रक झाँ झानों यांची होती. राजकीय मुद्रणालयाने 1641 मध्ये साचे घेतले ते त्यांच्याकडूनच. म्हणजे ही अक्षरे गॅरामाँड यांच्या निधनानंतर सुमारे साठ वर्षांनी झालेली होती. एम, एन, आर यांसारख्या अक्षरांच्या डाव्या शेंड्यावरील उतरती, खोलगट टोके हीही झानों यांच्या हाताची खूण ठरते.

वॉर्ड यांचा लेख 1926 मध्ये ‘द फ्लूरॉन’ या नियतकालिकात ‘पॉल बोझाँ’ या पुरुषी टोपणनावाने प्रसिद्ध झाला. पुढे मोनोटाइप कंपनीने आपल्या नियतकालिकाच्या संपादनासाठी ‘बोझाँ’ यांना पाचारण केले, तेव्हा लेखक स्त्री असल्याचे उघड झाले. त्यांची नेमणूक कायम राहिली.

गॅरामाँड यांच्या अस्सल अक्षरांचा आधार फ्रँकफुर्टच्या 1592 च्या नमुनापत्रकात मिळतो. यान चिखोल्ड यांचे ‘सॅबॉन’ (1967) हे वळण त्यावरूनच सिद्ध झाले. संगणकावर मोनोटाइपचे वळण मात्र आजही ‘गॅरामाँड’ याच नावाने वापरले जाते. लेख सिद्ध झाला, तरी रूढ झालेले नाव बदलले नाही.

इतिहासाच्या अध्यापनात हे उदाहरण उपयुक्त आहे. संस्थेच्या दप्तरातील नोंद हीसुद्धा तपासून घ्यावयाची साक्ष असते. तारीख असलेला मूळ कागद समोर ठेवल्याशिवाय कर्तृत्वाचा निवाडा होऊ शकत नाही, आणि तो झाला नाही तर झानों यांच्यासारख्या कारागिराचे श्रम दुसऱ्याच्या नावे जमा होतात.