नको असलेली नोंद: खोडायची की उलटवायची?

हजेरीपटात एखाद्या मुलापुढे चुकून गैरहजेरी मांडली गेली, तर आपण ते पान फाडत नाही. चुकीच्या खुणेवर रेघ मारतो, दुरुस्ती करतो आणि शेजारी सही करतो. प्रयोगशाळेतल्या वहीबाबत आम्हालाही हीच शिस्त लागली. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी काय केले?

आज्ञावली सतत बदलत असते. कालचा बदल आज चुकीचा ठरला, तर मागे जाता यायला हवे. त्यासाठी १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ ही प्रणाली तयार केली. तिच्यात सर्व आवृत्त्या एकाच फाइलमध्ये राहत. कोणती ओळ कोणत्या बदलाने आली आणि कोणत्या बदलाने गेली, याच्या खुणा तिथेच असत. त्यामुळे नको तो बदल वगळून आवृत्ती मिळवता येई. नोंद कायमची काढायचीही सोय होती, पण ती फक्त शाखेच्या टोकावरच्या नोंदीपुरती. मधली वीट काढली तर वरच्या विटांचे काय?

एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लायनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहायला घेतली. तिच्यात प्रत्येक नोंदीला, म्हणजे ‘कमिट’ला, मूळ पद्धतीनुसार ४० चिन्हांचे नाव मिळते. हे नाव नोंदीतील मजकूर आणि आधीच्या नोंदीचे नाव यांवरून गणिताने काढलेले असते. साहजिकच मधली एक नोंद बदलली, की तिच्यापुढच्या सर्व नोंदींची नावे बदलतात.

म्हणून येथे दोन वाटा आहेत. ‘रीसेट’ने शाखेचे टोक मागच्या नोंदीवर सरकवता येते. ‘रिव्हर्ट’ने नको असलेल्या बदलाच्या नेमका उलटा बदल नवी नोंद म्हणून जोडता येतो. जमाखर्चातली उलट नोंद ती हीच. काम आपल्याच संगणकावर असेल, तर पहिली वाट चालते. सहकाऱ्यांनी ती नोंद घेतली असेल, तर मात्र आपला इतिहास एक आणि त्यांचा दुसरा असे होते. पुढे दोन्ही जुळवताना काढलेली नोंद परत येऊ शकते. अशा वेळी दुसरी वाटच बरी.

एक सावधगिरी मात्र हवी. नोंदीत चुकून पासवर्ड गेला असेल, तर उलट नोंदीने तो लपत नाही, कारण जुनी नोंद कोणालाही वाचता येते. तेव्हा आधी पासवर्डच बदलायला हवा.

हे वर्गात करून पाहता येईल. चार मुलांनी मिळून एक गोष्ट लिहावी. प्रत्येकाने एक वाक्य जोडावे आणि सर्वांनी ते आपापल्या वहीत उतरवावे. मग एकाने गुपचूप स्वतःच्या वहीतले दुसरे वाक्य खोडावे. पुढच्या वाचनात घोटाळा कुठे झाला, ते मुलेच सांगतील.