जुना ताणा, नवी गाठ : संगणक सुरूच का होत नाही, याचा इतिहास

१/
नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसते, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागतो आणि काळ्या किंवा निळ्या पडद्यावर दोन-चार ओळी उमटवून तिथेच थांबतो. काल रात्रीपर्यंत निमूट काम करणारे यंत्र सकाळी उठतच नाही. या बिघाडाला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घ्यायला सोलापूरचा माग फार उपयोगी पडतो. #थ्रेड

२/
सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्याच काळात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे हातमाग शहराच्या पूर्व भागात खडखडत होते. त्यांच्या जागी यंत्रमाग आले आणि सोलापुरी चादर व टॉवेल ही या शहराची ओळख बनली.

३/
चादरीवरची वेलबुट्टी छापलेली नसते, ती विणलेली असते. हे काम मागावर बसवलेला जॅकार्ड करतो. आधी नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात. मग तिच्याप्रमाणे जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात आणि ते पत्ते एकामागोमाग ओवून त्यांची साखळी करतात. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक फेर.

४/
ही युक्ती फ्रान्समधील ल्याँ शहरातली. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास आधीच्या कारागिरांचे प्रयोग एकत्र आणून ती सिद्ध केली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पत्ते योजले. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलेरिथच्या छिद्रित पत्त्यांवर झाली. माग आणि संगणक यांचे नाते असे जुने आहे.

५/
पण एक फरक महत्त्वाचा. जॅकार्डला 'पत्ता कसा वाचायचा' हे कुणी सांगावे लागत नाही. ते ज्ञान सुया, हूक आणि सुऱ्या यांच्या रचनेतच घडवलेले असते. नक्षी बदलली तरी वाचणारा तोच राहतो. म्हणून मागाचा धागा तुटतो, नक्षी चुकते, पण 'नवी नक्षी चढवली आणि माग वाचायलाच विसरला' असे होत नाही.

६/
संगणकाने हीच खात्री गमावली. १९४५ नंतरच्या नव्या रचनेत आज्ञा आणि माहिती दोन्ही एकाच स्मृतीत ठेवण्याचे ठरले. मँचेस्टरमध्ये २१ जून १९४८ रोजी अशा यंत्राने पहिली आज्ञावली चालवली. लाभ प्रचंड होता: यंत्र तेच, काम हवे ते. मात्र वीज आली तेव्हा स्मृती रिकामी. आज्ञा आत घेण्यासाठीही आज्ञा हवी, मग ती पहिली आज्ञा आणायची कुठून?

७/
केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्रावर १९४९ मध्ये याचे नेटके उत्तर सापडले. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने अवघ्या ३१ आज्ञांची एक प्रारंभिक आज्ञावली लिहिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत तसल्या फिरत्या स्विचांवर ती तारांनी कायमची जोडली गेली. बटण दाबले की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि कागदी फितीवरची उरलेली आज्ञावली वाचून घेत.

८/
इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. तीच पट्टी धरून स्वतःला उचलणे ही अशक्य गोष्टीची जुनी थट्टा होती. संगणकाने ती शब्दशः करून दाखवली: लहान आज्ञावली मोठीला उचलते, मोठी त्याहून मोठीला. तेव्हापासून यंत्र सुरू होण्याला 'बूट होणे' हा शब्द रूढ झाला. शब्दातच धोक्याची सूचना आहे. साखळीतील एकही कडी निसटली, तर पुढचे कुणीच उठत नाही.

९/
महाराष्ट्रातील आरंभीचा मोठा अध्याय मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने देशातच बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आले, त्याचा शब्द ४८ अंकांचा. यंत्रभाषेत लिहिलेले जुने काम नव्यावर जसेच्या तसे चालणे शक्यच नव्हते. त्या काळी सुधारणा म्हणजे जवळजवळ नव्याने आरंभ.

१०/
येथे पुन्हा मागाकडे पाहावे. एक बीम संपत आला की दुसरा चढवावा लागतो. हजारो धागे वही आणि फणीतून पुन्हा एकेक करून ओवणे हे फार वेळखाऊ काम. म्हणून जुन्या ताण्याची शेवटची टोके तशीच ठेवतात, प्रत्येकाला नव्या धाग्याची गाठ मारतात आणि हलकेच ओढून घेतात. जुना धागा नव्याला वाट दाखवत पलीकडे नेतो. जुने आधी कापून टाकले, तर नव्याला वाटच उरत नाही.

११/
व्यक्तिगत संगणकाची पहिली तीस वर्षे याच तत्त्वावर चालली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याच्या मूळ फलकावरील न पुसणाऱ्या चिपमध्ये 'बायॉस' ही छोटी आज्ञावली होती. ती डिस्कचा पहिला भाग, फक्त ५१२ बाइट, वाचे आणि सूत्रे त्याच्या हाती देई. यंत्रे शेकडो पटींनी वेगवान झाली, तरी हा उंबरठा तसाच ठेवला गेला. गाठ जुन्याच टोकाला मारली जात होती.

१२/
१९८३ मध्ये हार्ड डिस्क असलेला पीसी आला आणि त्या ५१२ बाइटांची वाटणी ठरली: ४४६ बाइटांत सुरुवातीची आज्ञावली, ६४ बाइटांत डिस्कच्या चार विभागांचा तक्ता, शेवटच्या २ बाइटांत ओळखीची खूण. संपूर्ण संगणकाचे उठणे एवढ्याशा जागेवर अवलंबून होते. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना ही जागा पुसली गेली की पहिली डिस्कवर शाबूत असूनही दिसेनाशी होई. विंडोज नव्याने बसवल्यावर लिनक्स 'गायब' होण्याचे प्रसंग यातूनच घडत.

१३/
लिनक्सच्या घरातही असाच एक धडा होता. १९९० च्या दशकात 'लिलो' ही आरंभ-आज्ञावली प्रचलित होती. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवर नेमका कोणत्या जागी आहे एवढेच ती लिहून ठेवी. फाइलचे नाव तिला कळत नसे. कर्नेल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायची राहिली, की ती जुन्याच पत्त्यावर जाई. घर बदलले, पण टपालवाल्याला कुणी कळवलेच नाही, अशी गत. पुढे आलेल्या 'ग्रब'ला फाइली नावाने वाचता येऊ लागल्या आणि हा विशिष्ट घोळ संपला.

१४/
पुढची कडी चालकांची, म्हणजे ड्रायव्हरांची. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर असते आणि डिस्क वाचण्याचा चालकही डिस्कवरच! म्हणून आवश्यक चालक आरंभीच्या टप्प्यातच स्मृतीत घ्यावे लागतात. सुधारणेत नेमका तोच चालक वगळला गेला किंवा न जुळणारा आला, तर विंडोज 'बूट डिव्हाइस' हाती लागत नसल्याचे सांगून निळी पडते आणि लिनक्स मूळ फाइल-प्रणाली न सापडल्याने थबकते. किल्ली कपाटात आणि कपाटालाच कुलूप, असा हा पेच.

१५/
जुना उंबरठा अखेर अपुरा पडला. त्या ६४ बाइटांच्या तक्त्यात सुमारे २ टेराबाइटच्या पलीकडची जागा मोजता येत नव्हती. इंटेलने आरंभिलेल्या नव्या पद्धतीसाठी २००५ मध्ये उद्योगसमूहांचा मंच स्थापन झाला आणि 'यूईएफआय' रूढ झाले. डिस्कच्या विभागांचा तक्ताही बदलून 'जीपीटी' आला. मागाच्या भाषेत सांगायचे तर येथे वही-फणीच बदलली. जुन्या टोकाला गाठ मारून भागणार नव्हते.

१६/
विंडोज ११ ने २०२१ मध्ये यूईएफआय आणि टीपीएम २.० या अटी घातल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुने संगणक बाळगणाऱ्या अनेकांपुढे हा बदल येऊन ठेपला. त्यातली एक नेहमीची अडचण अशी: नव्या प्रणालीसाठी कुणी सेटिंगमध्ये जुनी बायॉस पद्धत बंद करतो, पण डिस्कवरचा तक्ता जुनाच राहतो. दार नवे, किल्ली जुनी. संगणक सांगतो, सुरू करण्याजोगी डिस्कच नाही. वास्तविक डिस्कवर सगळे असते.

१७/
सुरक्षेने साखळीत आणखी एक पहारेकरी उभा केला. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'सिक्युअर बूट' सर्वत्र पसरले: प्रत्येक कडीवर अधिकृत सही आहे का, हे तपासूनच पुढे सोडायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुधारणेने जुन्या, धोकादायक ठरलेल्या आरंभ-आज्ञावलींना मनाई केली. विंडोज आणि लिनक्स शेजारी ठेवलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही असे सांगितले होते, तरी अशा अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईना. पहारेकऱ्याने घरच्याच माणसाला अडवले.

१८/
सर्वांत मोठा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. ती ऑपरेटिंग सिस्टीमची सुधारणा नव्हती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक लहानशी फाइल होती. भारतीय वेळेनुसार सकाळी सुमारे ९ वाजून ४० मिनिटांनी ती निघाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर रांगा लागल्या आणि काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली.

१९/
कंपनीने सुमारे ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. मग गोंधळ लगेच का निवळला नाही? कारण ही आज्ञावली आरंभीच्या टप्प्यातच जागी होई. यंत्र उठे, सदोष फाइल वाचे, कोसळे, पुन्हा उठे. दुरुस्ती इंटरनेटवरून पोहोचावी, इतका वेळही अनेक यंत्रे जागी राहत नव्हती. माणसाने प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ते सुरू करून, फाइल पुसणे हाच बहुतेक ठिकाणी मार्ग उरला. बूटस्ट्रॅपची जुनी थट्टा खरी ठरली: पडलेल्याला स्वतःची पट्टी धरून उठता येत नाही, बाहेरचा हात लागतो.

२०/
या इतिहासातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. संगणक सुरू न होणे म्हणजे त्यातले सारे नष्ट होणे नव्हे. बहुतेक वेळा मोडलेला असतो तो उंबरठा. घरातले सामान जागेवर असते. घाबरून लगेच डिस्क पुसणे आणि सगळे नव्याने बसवणे ही शेवटची पायरी. बाहेरच्या यूएसबीवरून यंत्र सुरू करून आधी प्रबंध, हिशेब, छायाचित्रे बाहेर काढता येतात.

२१/
परंतु हे आश्वासन आता पूर्वीइतके बिनशर्त राहिलेले नाही. नव्या संगणकांत डिस्क कूटबद्ध असते. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडलेल्या बहुतेक यंत्रांवर हे आपोआप घडते. बूटची साखळी बदलली की यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते. जुलै २०२४ मध्येही या कीने अनेक ठिकाणची दुरुस्ती लांबवली होती. की हाती नसेल तर शाबूत डिस्कही कायमची मुकी होते. उंबरठा आणि घर यांच्यातील जुने अंतर असे नाहीसे होत चालले आहे.

२२/
म्हणूनच विणकराची रीत येथे लागू पडते. विंडोज मोठ्या सुधारणेनंतर जुनी प्रत साधारण १० दिवस जपते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ग्रबच्या यादीत आधीचा कर्नेल राहतो. ही अडगळ नव्हे, जुन्या ताण्याची टोके आहेत. त्यांच्या जोडीला कामाची दुसरी प्रत आणि कागदावर लिहिलेली रिकव्हरी की असावी. नवा धागा फणीतून सुखरूप पलीकडे गेल्याचे दिसेपर्यंत जुन्याला कात्री लावू नये.